दादाचा टणक खडक

आमच्या दादाला उंटावरून शेळ्या हाकायची हौस लहानपणापासून आहे. आता तर त्याला त्याचा पगार मिळतो. डोंगराच्या पोटात काय आहे ते तो खुर्चीत बसून सांगतो आणि त्याच्या सांगण्यावर धाकटा बोगदा खणतो. धाकटा म्हणजे आमचं शेंडेफळ, बोगद्याच्या अगदी टोकाला खडक फोडणाऱ्या टोळीचा मुकादम. मी मधली. दादाच्याच ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते आणि त्याचे घोळ निस्तरते.

काम समजायला अवघड नाही, दादा समजावतो तेव्हाच ते अवघड होतं. ट्रकवरच्या यंत्राने जमिनीला हादरे द्यायचे, खाली गेलेल्या लाटा परत येतात त्या डोंगरभर पेरलेल्या यंत्रांनी टिपायच्या. मग कॉम्प्युटरमध्ये एक खोटा डोंगर रचायचा, त्याला तसेच हादरे द्यायचे आणि त्याच्या लाटा खऱ्या लाटांशी ताडून बघायच्या. जुळल्या नाहीत की डोंगर थोडा बदलायचा, पुन्हा हादरे. असं करत करत खोटा डोंगर खऱ्यासारखा होतो, अर्थात रचणाऱ्याची नियत साफ असेल तर.

लाटा दोन जातीच्या. एक दाबत जाते, ती पाण्यातूनही जाते. दुसरी आडवी हलत जाते. ती पाण्यातून जातच नाही, आणि पाणी भरलेल्या भुग्यातून गेलीच तर रखडत जाते. म्हणजे आत कुठे ठिसूळ आणि ओलं आहे हे चुगली करून सांगणार ती. दोघींचा हिशेब करायचा म्हणून तर या पद्धतीला इलॅस्टिक म्हणतात. धाकट्याने ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं, "चड्डीचं?" दादा हसला नाही. त्याला स्वतःच्या विनोदांवरच हसता येतं.

तर या विद्वानाने काय केलं? दोन्ही वेग शोधायचे तर वेळ लागतो आणि गणित डळमळतं. म्हणून आडव्या लाटेचा वेग शोधलाच नाही. दाबाच्या लाटेचा वेग घेतला, एका ठरलेल्या आकड्याने भागला, झालं. सबंध डोंगराला एकच आकडा. वर पद्धत तपासायला त्याच आकड्याने आपल्याच प्रोग्रॅममधून लाटा बनवल्या आणि त्या आपल्याच प्रोग्रॅमला सोडवायला दिल्या. पेपर काढणारा हा, लिहिणारा हा, तपासणाराही हाच. पैकीच्या पैकी मार्क पडले आणि ऑफिसातल्या नंदीबैलांनी माना डोलावल्या. खऱ्या लाटांमधलं जे जुळेना, त्याला दादाने गोंगाट म्हटलं.

चित्र मात्र देखणं आलं. सगळा डोंगर निळा, आणि निळा म्हणजे टणक. धाकट्याने ते साइटवरच्या केबिनमध्ये चिकटवलं आणि येईल त्याला सांगू लागला, "आमच्या दादाने काढलंय." वडील गेल्यापासून दादा म्हणेल ती पूर्व दिशा. या भाबडेपणाचाही मला संताप येतो.

मी तो आकडा मोकळा सोडला, म्हणजे जागोजागी वेगळा निघू दिला, आणि हिशेब पुन्हा चालवला. दाबाच्या लाटेचं चित्र जवळपास तसंच राहिलं. आडव्या लाटेच्या चित्रात, धाकट्याची टोळी पोचली होती तिथून थोडंच पुढे, एक लाल, म्हणजे ठिसूळ आणि ओला, पट्टा उभा राहिला. मी तो दादाला दाखवायला गेले. "गोंगाट आहे तो," तो म्हणाला. त्याने चित्राकडे बघण्याचीही तसदी घेतली नाही.

म्हणून मी साइटवरच्या बैठकीत पट्टा सगळ्यांसमोर पडद्यावर लावला. माझं मागणं एवढंच होतं, की पुढे खणण्याआधी एक लांब, बारीक भोक पाडून बघा. काम अडणार म्हणून बोगद्याच्या साहेबांनी तोंड वाकडं केलं आणि दादाकडे पाहिलं.

"खडक टणक आहे," दादा म्हणाला. "जबाबदारी माझी. आमच्या बहिणीला प्रत्येक सावलीत भूत दिसतं."

सगळे हसले. धाकटाही हसला. त्याच्या कानाखाली आवाज काढावा असं वाटलं. उद्या सकाळी त्या पट्ट्यासमोर उभा राहणार होता तो हाच गाढव.

"तो आकडा कुठून आणलास, सांग की त्यांना," मी म्हटलं.

"पुस्तकातून."

"कुठल्या डोंगराचा?"

"उगाच नाकाने कांदे सोलू नकोस. लाटा जुळल्यात."

साहेब कागद गोळा करायला लागले. तेवढ्यात धाकटा बोलला. टोमणे मारणं त्याच्या रक्तात नाही, ते सगळं माझ्या वाट्याला आलंय. तो अगदी मनापासून म्हणाला, "दादा, उद्या येतोस का आत? पोरांना तुला बघायचंय. यंत्र लावू तेव्हा माझ्याशेजारी उभा राहा."

दादाने चष्मा काढून पुसला. "उद्या नाही जमायचं. मीटिंग आहे."

"मग दुपारी ये. तोवर थांबतो आम्ही."

"अरे, माझं आत काय काम?" असं म्हणता म्हणता त्याची नजर पडद्यावरच्या लाल पट्ट्याकडे गेली. एवढ्या वेळात पहिल्यांदाच. तो कुठे बघतोय ते धाकट्याने पाहिलं.

"साहेब," धाकटा हळूच म्हणाला, "आधी भोक पाडू. नाहीतर माझी टोळी आत जाणार नाही."

दुसऱ्या दिवशी भोक पट्ट्यात शिरलं आणि चिखलाचं पाणी असं उसळलं की भोक पाडणारी सळई बाहेर फेकली गेली. भोक बारीक होतं म्हणून बुजवता आलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. संध्याकाळपर्यंत दादा ऑफिसात सांगत फिरत होता, की आमच्या इलॅस्टिक पद्धतीने पाणी कसं अचूक पकडलं. लाज कशाशी खातात हे त्याला कधी कळलंच नाही. मी त्याची सगळ्यांदेखत खरडपट्टी काढायला उठले, आणि धाकट्याचा फोन आला.

वाटलं, पाण्याबद्दल सांगेल. मागे पंप चालू होते.

"ताई, त्याला शंका होती ना गं? म्हणून नाही म्हणाला यायला?"

हा प्रश्न त्याने विचारावा म्हणून मी किती वर्षं दात-ओठ खाल्ले असतील. आता विचारला, तर त्याचा आवाज लहानपणी ताप आल्यावर यायचा तसा येत होता.

"नाही रे," मी म्हटलं. "खरंच मीटिंग होती त्याची."

"कुणाबरोबर?"

"माझ्याबरोबर."

तो बरं म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.