धक्क्याचा शेवटचा खांब

"पावणं, आता सांगतोय ते कुणाला पटायचं न्हाय. माझं मलाच अजून पटत न्हाय. काल वेंगुर्ल्याचा जुना धक्का म्या एकट्यानं पाठीवर तोलून धरला. पाऊण तास!"

वारणानगरचे पावणे चहाची बशी तोंडाशी नेता नेता थांबले. सोप्यात माझ्यासमोर शेजारचा सयाजी बसलेला, आणि उंबऱ्यात माझी बायको बाळाबाई सुपात तांदूळ निवडत होती. साल नव्याण्णव.

सयाजी तिथं होता म्हणून पावण्यांना वेंगुर्ल्याला जायचं मूळ कारण सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो.

मुरगुडात गोष्ट सांगावी तर कृष्णातानं, असं होतं. मी नुसता खाकरलो तरी माणसं हातातली बिडी विझवायची. मग सत्त्याण्णवला, दिवाळी झाल्यावर, हा सयाजी बायकोला, चिमणाबाईला, घेऊन एस्टीनं वेंगुर्ल्याला गेला आणि परत आला तो दर्या डोक्यावर घेऊनच. बैलाला पाणी पाजताना दर्या. डेअरीत दूध घालताना दर्या. "आमी धक्क्यावर बसलो. आमी धक्क्यावर मासं खाल्लं."

आता धक्का म्हणजे आमच्याकडं एकच. एस्टी बंद पडली की मागनं देतात तो. मी सहा महिने समजत होतो की ह्यांची गाडी वाटेत बंद पडली आणि ह्या खुळ्याला त्याचंच कौतुक. चारचौघांत म्हणायचो पण, "बिचाऱ्या चिमणाबाईला एस्टी ढकलाय लावली की वो!" लोक पोट धरून हसायचे. पुढं डेअरीच्या क्लार्कनं बाजूला घेऊन सांगितलं की धक्का म्हणजे बोटी लागायला पाण्यात बांधून काढलेली वाट. तेव्हा कळलं, हसत होते ते मला.

तेही गिळलं असतं. पण एक दिवस हा बाळाबाईसमोर म्हणाला, "वैनी, धक्क्याच्या शेवटच्या खांबावर म्या आमच्या चिमणीचं नाव लिवलंय. बेंदराला बैलांची शिंगं रंगवून तांबडा ऑइलपेंट उरला हुता, त्यो डबीतनं न्हेलता. मुद्दाम."

दुपारी भाकरी वाढताना बाळाबाई म्हणाली, "माझं नाव रेशनकार्डावर हाय. दुसरीकडं कुठंच न्हाय."

ती भाकरी वर्षभर माझ्या घशाखाली उतरली नाही. सयाजीच्या बैलांची शिंगं दिसली की पोटात आग. कुणाच्या अंगावर तांबडं लुगडं दिसलं तरी डोकं फिरायचं. एकच ध्यास लागला, तो खांब बघायचा. नाव नसलं तर सयाजी खोटा पडणार, आणि बाळाबाईच्या डोळ्यांत चिमणाबाईचं सुख जे सलतंय ते निघणार. म्हणून काल पहिल्या गाडीनं निघालो. एस्टी पण तांबडीच. आंबोलीचा घाट उतरेपर्यंत डोळे मिटून बसलो.

"मग गाव कसं हाय?" पावण्यांनी विचारलं.

काय सांगायचं? दिवसभर पाय मोडेस्तोवर हिंडलो. उतरती कौलं, घरापुढं माडाच्या ओळी, मासळीबाजारात बांगड्यांच्या पाट्या मांडून बसलेल्या बायका, टेकाडावरचं दीपगृह. सगळं सयाजीनं सांगितलं तसंच! जिथं जावं तिथं हा आधी बघून, बोलून, उष्टं करून गेलेला. माणसानं एकदा तरी खोटं सांगावं की नाही? पण हे मी मनात म्हणालो. पावण्यांना सांगितलं, "बरं हाय. आपल्या वेदगंगेची सर न्हाय."

"आन् धक्का?" सयाजीनं पुढं सरकत विचारलं.

"धक्का म्हातारा झालाय रं. दगडाला खारं पाणी लागून खड्डं पडल्यात. लोखंडी कड्या झिजून बांगडीवानी बारीक. टोकाला जुनं लाकडी खांब, थेरड्याच्या दातासारखं, दोन हाईत नि चार न्हाईत. जाळं शिवत एक बाबा बसला हुता. मला म्हणतोय, 'खंयसून इलास? टोकाक जाव नको. धक्को हलता.' म्या म्हटलं, 'हलूदे, मी मुरगूडचा हाय.'"

"आन् खांब?"

हाच प्रश्न मला पाहिजे होता. मी सुपारी काढली, अडकित्त्यात धरली, सावकाश दाबली. सुपारी तुटेना.

"शेवटचा खांब वरनं बघितला, खालनं बघितला, पाण्याकडनं वाकून बघितला. नाव न्हाय, गाव न्हाय. कोरा!"

"असं कसं? वीत वीत अक्षरं काढल्यात म्या!"

"मग दर्यानं खाल्ली असतील. न्हायतर तू काढलीच न्हवतीस."

सयाजीचं तोंड पडलं. बाळाबाईचा सुपातला हात थांबला. वर्षभराची आग अशी थंड झाली की काय सांगू! आणि सुख झालं की माझी जीभ सुटते.

"तेवढ्यात पावणं, एक लाट आली, माडाएवढी. धक्का करकरला, कलला. जाळंवाला बोंबलाय लागला. म्या खाली उडी घेतली, तालमीत शिकलेला पवित्रा घेतला, पाठ लावली नि पाय रोवलं. पाऊण तास! वर रेडकाएवढा एक मासा आला नि माझं धोतर वढाय लागला. हात मोकळा एकच. अडकित्ता काढला नि हाणला टाळक्यात. बघा की, धारच गेली, सकाळपास्नं सुपारी कातरत न्हाय."

पावण्यांनी अडकित्ता हातात घेऊन उजेडाकडं धरला. "सांध्यात तांबडं काय अडकलंय?"

"माशाचं रगात."

बाळाबाई उठली. पावण्यांच्या हातातनं अडकित्ता घेतला, मंगळसूत्राला लावलेली पिन काढली आणि सांध्यातनं नखाएवढा पापुद्रा उचकटला. तळहातावर ठेवून उन्हात धरला. पापुद्रा चकाकला.

"रगात वाळलं की काळं पडतंय," ती म्हणाली. "ह्यो बेंदराचा रंग हाय."

सयाजी उठून उभा राहिला. मी चहा कडू झालाय म्हणालो, पण कुणी ऐकलं नाही.

बाळाबाई माझ्याकडं वळली आणि भिंतीपलीकडं चिमणाबाईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चिमणाबाईचं नाव तुमीच खरवडलंय. आन् खरवडाय पाऊण तास घावला, तर त्याच खांबावर माझं नाव लिवाय काय हात मोडला हुता?"