दारात आलेल्याला गूळपाणी

रुखमाबाई पाच दिवस लेकीशी बोलत नव्हत्या. म्हणजे फोन उचलत होत्या, पण ‘हाव’ आणि ‘नाही’ यापलीकडे जात नव्हत्या. मलकापूरजवळच्या त्या गावात रुखमाबाई गप्प बसल्या की शेजारणी तब्येत विचारायला येतात.

कारण एवढंच, की जर्मनीत राहणाऱ्या त्यांच्या लेकीला, छायाला, नोकरी लागली होती आणि तिचा सहा वर्षांचा ऋत्विक सोमवारपासून शाळा सुटल्यावर पाळणाघरात राहणार होता.

“पोटचं पोर परक्याच्या दारात ठेवून राह्यली तू?” रुखमाबाईंनी सुनावलं होतं. “भूक लागली तं सांगीन कोणाले? त्यायची भाषा तरी येते काय त्याले?”



सोमवारी रुखमाबाईंचं कशात लक्ष लागेना. वरणात मीठ दोनदा पडलं. ऋत्विकला घ्यायची वेळ, तिथले चार म्हणजे इथले साडेसात, हा हिशोब मात्र पाठ होता. साडेसातला त्या फोन घेऊन बसल्या. आठला तो वाजला.

पडद्यावर छायाचे डोळे लाल दिसले तशा रुखमाबाईंनी फोन जवळ ओढला. “रडलं ना लेकरू?”

“तो नाही रडला, माय. मी रडली.”

झालं होतं असं. छाया धापा टाकत, दहा मिनिटं उशिरा पाळणाघरात पोचली. दारातच ऋत्विक उभा. त्याने तिला हाताला धरून एका चिमुकल्या खुर्चीवर बसवलं, पेलाभर पाणी आणलं आणि दप्तराच्या कप्प्यातून गुळाचा खडा काढून तिच्या तळहातावर ठेवला. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीकडे हे काम त्याचंच होतं. दारात आलेल्याला आधी गूळपाणी, मग विचारपूस. परत जाताना त्याने डबीभर गूळ मागून नेला, तेव्हा आजीला वाटलं, खायला नेतोय.

“मी म्हटलं, अरे, मी तुही माय आहो, पाहुणी नाही,” छाया म्हणाली. “तं मले म्हणे, तू तं आत्ताच आली, मी दुपारपासून इथीच आहो.”

रुखमाबाई हसल्या. पाच दिवसांचं हसू एकदम आलं. मग छाया हळूच म्हणाली, “माय, तू कापूस वेचाले जात होती, तवा शाळा सुटल्यावर मी कुठी राहत होती?”

शेजारच्या विमलबाईंच्या ओट्यावर. चांगली सात वर्षं, दिवस मावळेपर्यंत. रुखमाबाईंनी त्याला कधी काही नावच दिलं नव्हतं, म्हणून ते परक्याचं दार आहे असंही कधी वाटलं नाही.

“भूक लागे काय वं तुले?” इतक्या वर्षांनी त्यांनी विचारलं.

“विमलमावशी आधी खायाले देत होती. मंग पाढे म्हणायले लावत होती.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच रुखमाबाई विमलबाईंच्या ओट्यावर जाऊन बसल्या. विमलबाई गुडघ्यावर हात टेकून सवयीने पाण्यासाठी उठू लागल्या. रुखमाबाईंनी त्यांना खांदा धरून बसवलं, आत जाऊन त्यांच्याच माठातलं पाणी आणलं आणि पदराच्या गाठीतला गुळाचा खडा त्यांच्या हातावर ठेवला.

“काऊन वं,” विमलबाई म्हणाल्या, “माह्याच घरात मलेच पाहुणचार?”

“खाय गुपचूप,” रुखमाबाई डोळे पुसत म्हणाल्या. “तीस वर्षांचा राह्यला होता.”