तार काढून बघा

मी चाचणीचा फोन बोलतोय. माझ्या पाठीवर सहा नंबरची चिठ्ठी आहे आणि काचेवर आडवा तडा.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. हातमोजे घातलेल्या कुणीतरी मला चालू केलं, बंद केलं आणि खोक्यात ठेवलं. ताईने मला घेतलं तेव्हा ती कॉलेजात होती. पहिला महिनाभर ती मला मऊ कापडाने पुसायची. दुसऱ्या महिन्यात मी जिन्यावरून पडलो आणि पुसणं थांबलं. तीन वर्षांनी नवा फोन आला आणि मी मोज्यांच्या कप्प्यात गेलो. तिथे दीड वर्ष होतो. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

पुढे ताई ॲप बनवू लागली. तिला चाचणीसाठी जुने फोन हवे होते, म्हणून मला पुन्हा नोकरी लागली.

फोनची दोन मोठी घराणी आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. ताई आणि तिचा सहकारी ॲप एकदाच लिहायचे आणि ते दोन्ही घराण्यांत चालावं अशी आशा करायचे. दिवसाचा बराच वेळ आशेतच जायचा. एका घराण्यात बटण नीट दिसायचं, दुसऱ्यात ते कीबोर्डखाली दडायचं. ते वर काढलं की पहिल्या घराण्यातली अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढायची. मग सहकारी सगळं पुसून ॲप नव्याने तयार करायचा, चहा प्यायचा आणि म्हणायचा, "माझ्या फोनवर तर चालतंय." हे तो इतक्या वेळा म्हणाला, की त्याला सगळे 'चालतंय' म्हणूनच हाक मारू लागले. तोही ओ देऊ लागला.

आम्ही अकरा फोन एका ट्रेमध्ये ओळीने असायचो. प्रत्येकाला चार्जिंगची तार. 'तार काढू नये' असा कागद चालतंयने ट्रेला चिकटवला होता, कारण एकदा चाचणीच्या मध्येच तीन नंबरचा फोन मान टाकून बसला होता. त्यामुळे आमचं पोट कायम भरलेलं आणि स्क्रीन कायम उजळलेली. आम्ही सुखात होतो. तेच चुकत होतं, पण आम्हाला कुणी विचारलं नाही.

त्या वर्षी त्यांनी डोळ्यांच्या एका दवाखान्यासाठी ॲप बनवलं. ऑपरेशननंतर डोळ्यात दर चार तासांनी थेंब घालायचे असतात. वेळ झाली की ॲप वाजणार, रुग्ण 'घातले' हे बटण दाबणार. नाही दाबलं, तर घरच्यांच्या फोनवर लाल ठिपका. ट्रेमध्ये आम्ही अकराही जण वेळेवर वाजलो. चालतंय समाधानाने हसला.

नेमकं तेव्हाच ताईच्या बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. बाबा एकटे राहतात. ताईने त्यांच्या फोनवर ॲप घालून दिलं आणि दुसऱ्याच दिवसापासून लाल ठिपके येऊ लागले. रोज दोन, कधी तीन.

ताईने फोन केला. बाबा म्हणाले, ते वाजतच नाही, मी हात लावला की मग ओरडतं. ताईने हे ऑफिसात सांगितलं. चालतंय म्हणाला, म्हणजे वाजतं तर. ताईने ट्रेकडे पाहिलं. आम्ही अकरा जण तेव्हाच एका सुरात वाजलो. खरं सांगतो, मला लाज वाटली.

ठिपके ताईच्या दादालाही दिसत होते. त्याचं म्हणणं होतं, बाबा विसरायला लागले आहेत, आता त्यांना एकटं ठेवण्यात अर्थ नाही. तो त्यांना आपल्या घरी नेणार होता आणि बाबांचं घर भाड्याने देणार होता. रविवार ठरला. बाबांनी वाद घातला नाही, फक्त कुंड्या कुठे ठेवणार एवढंच विचारलं. दादाच्या घराला गॅलरी नव्हती.

शनिवारी ताई मला घेऊन बाबांकडे गेली. हा फोन ऑफिसात कधी चुकला नाही, आता शेवटचं बघू, असं ती वाटेत स्वतःशीच म्हणाली. अकराच्या सुमारास तिने मला टेबलावर तार लावून ठेवलं. बाबा आले, त्यांनी तार काढली आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. खोलीतून बाहेर पडताना ते सगळी बटणं बंद करतात. पंख्याचं, दिव्याचं आणि आता माझं.

मग मला झोप आली. आमच्या घराण्याची ती रीतच आहे, आणि बाबांचा फोनही आमच्याच घराण्यातला. तार नसली आणि कुणी हात लावला नाही, की आम्ही वीज वाचवायला पेंगतो आणि पोटातल्या ॲपलाही गप्प करतो. ट्रेमध्ये मी वर्षभर झोपलोच नव्हतो. दुपारचे बारा मी झोपेतच घालवले. त्या वेळी ताई गॅलरीत कुंड्या खोक्यात भरत होती.

चार वाजता ती माझ्यासमोर येऊन बसली. बाबा वर्तमानपत्र वाचत होते. मी गप्प. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, घडी घातली, उठले, हात धुतले आणि आरशासमोर डोळ्यात थेंब घातले.

"बाबा, तुम्ही रोज असेच घालता?"

"मग कसे घालू?"

"आणि ते बटण? ते का दाबत नाही?"

"अगं, वाजल्यावर दाबायचं असं तूच सांगितलंस ना? वाजलंच नाही तर दाबू कशाला?"

ताईने मला उचललं. माझी झोप मोडली आणि मी बाराचं आणि चारचं असं एकदमच वाजलो.

"बघ," बाबा म्हणाले, "हात लावला की ओरडतं."

ताईने लोंबत्या तारेकडे पाहिलं. मग तिने चालतंयला फोन करून ट्रेमधल्या सगळ्या तारा काढायला सांगितल्या. त्याने कागदाचं काय करू असं विचारलं. ती म्हणाली, तोही काढ. नंतर दादाला फोन केला. तो बराच वेळ चालला. शेवटी ती म्हणाली, "दादा, बाबा एकदाही विसरले नाहीत. विसरलो आपण." रविवारी दादा आला आणि त्याने कुंड्या पुन्हा गॅलरीत मांडल्या. दोन चुकीच्या जागी ठेवल्या, त्या बाबांनी हलवल्या.

ॲप सुधारलं. आता ते पोटात बसून स्वतः वेळ मोजत नाही. ती जबाबदारी माझ्या घड्याळावर सोपवते, आणि ते मी झोपलो तरी जागं असतं. ऑफिसात रोज काही तास सगळे फोन तारेशिवाय खिडकीत ठेवतात म्हणे. मी मात्र बाबांकडेच राहिलो. माझी बॅटरी फुगायला लागली आहे, मागचं झाकण नीट बसत नाही. ताईने ते पाहिलंय. पुढच्या रविवारी ती मला जुन्या फोनांच्या डब्यात टाकायला नेणार आहे. माझी तक्रार नाही. मोज्यांच्या कप्प्यापेक्षा तिथे सोबत असेल.

जाण्याआधी एवढंच मागणं आहे. कुणी म्हणालं की वाजलं नाही, तर त्याच्या वयाकडे बघण्याआधी आमची तार काढून बघा.

चार वाजायला आलेत. बाबा वर्तमानपत्राची घडी घालून उठलेत, हात धुताहेत. आता मी वाजेन आणि ते रोजच्यासारखं म्हणतील, "माहितीय रे."