सोनमच्या हातचं

आमच्यात लग्नात पोरीला काय काय येतं ते मांडून दाखवायची पद्धत हाय. रुखवत म्हणत्यात त्याला. एका टेबलावर लाडू-करंज्या, दुसऱ्यावर नवरीच्या हातचं भरतकाम. आता नवरीला सुई धरता येत नसंल तर काय करायचं? काय न्हाई, मावशीला धरायचं.

ती मावशी मी. हरणाबाई, मुक्काम आष्टा. माझी थोरली बहीण पारूअक्का, तिची पोरगी सोनम. सोनम नर्स हाय. सुई रोज हातात असती तिच्या, पण दुसऱ्याच्या दंडात घालायला. तर सोनमचं लग्न मेढ्याच्या इंद्रजितशी ठरलं आन अक्का माझ्या उंबऱ्यावर येऊन बसली.

"हरणे, तेवढं रुखवताचं बघ की गं."

तेवढं! तेवढं म्हंजी चार महिनं. मॅटीच्या कापडावरचा गणपती, मण्यांचं तोरण, क्रोशाचे बारा रुमाल, लोकरीची कोंबडी आन तिची सहा पिल्लं. मला चष्मा लागला त्या पिल्लांपायी. आन लग्नात बघती तर प्रत्येक वस्तूपुढं गुलाबी चिठ्ठी, 'सोनमच्या हातचं'. पिल्लांपुढं तर सहा वेगळ्या. म्हटलं जाऊ दे, एका दिवसाचा खेळ. तीस वरसं हेच करतीया मी. निम्म्या आष्ट्यातल्या पोरी माझ्या टाक्यांवर नांदायला गेल्या, पण एका चिठ्ठीवर माझं नाव आलं असंल तर शप्पथ.

पण ह्या खेपेला गाठ धोंडुबाईंशी होती. धोंडुबाई म्हंजी सोनमच्या सासूबाई. बाईंनी एकेक रुमाल उलटा करून बघितला. भरतकामाची जात उलट्या बाजूनं कळती, आन माझी उलटी बाजू सुलटीपेक्षा देखणी असती. बाई खूश! मेढ्यात नवा बंगला बांधायला काढलेला. तितल्या तितं जाहीर करून टाकलं, बंगल्याची सगळी सजावट सूनबाईच्या हातची, बाजारातली एक चिंधी आणायची न्हाई.

पंधरा दिवसांत सोनमचा फोन आला.

"मावशी, आईंनी आठ दारांची मापं दिलीत."

"मंग बस की शिवत."

पलीकडनं रडं सुरू. "आत्ता खरं सांगितलं तर जन्मभर खोटारडी म्हणतील गं मला."

"म्हणू देत. हायसच." असं मी म्हटलं खरं, पण पोरीचं रडणं काय मला ऐकवंना. शेवटी म्हटलं, "करती. पण बंगल्याच्या वास्तुशांतीला सगळ्या बायकांपुढं सांगायचं, हे माझ्या मावशीनं केलंय. मला साडी नको, काय नको. माझं नाव तेवढं घ्यायचं."

"घेते मावशी. देवाशप्पथ."

मंग दीड वरीस काय चाललं म्हणता! धोंडुबाईंचं डोकं कारखान्यागत चालायचं. टीव्हीला झालर, मिक्सरला टोपी, रिमोटला झबलं, फ्रिजच्या मुठीला मोजा. गॅसच्या टाकीला घागरा पायजे, त्याला आरसे पायजेत. टाकीला कुठं वरातीत नाचायचं होतं देव जाणं. दर पंधरवड्याला आमचे मालक पिशवी घेऊन एसटी स्टँडावर, गपचूप, चोरीचा माल पोचवल्यागत. आन तिकडं सोनमबाई ड्यूटीवरनं आल्या की खोलीचं दार लावून 'शिवायला' बसायच्या. सासूला सांगितलेलं, कुणी बघितलं की माझा टाका चुकतो. आन सासूला ते पटलेलं! कलाकाराची सासू झाली होती ना ती.

वास्तुशांत झाली. मी ठेवणीतली साडी नेसून गेली. जेवणं उरकली आन धोंडुबाई पंधरा-वीस बायका घेऊन बंगला दाखवत निघाल्या.

"ह्यो मोर बघा. आमच्या सोनमच्या हातचा."

मी सोनमकडं बघितलं. सोनमनं फरशीकडं बघितलं. मोर गेला. तोरणं गेली. टाकीच्या घागऱ्यापाशी तर बायकांनी टाळ्या वाजवल्या, तरी पोरीच्या तोंडातनं शब्द न्हाई. माझं डोकं भणभणाय लागलं. पारूअक्का मागनं माझा पदर ओढत हुती, "हरणे, गप ऱ्हा गं बाई." का गप ऱ्हायचं? म्हटलं ही सांगत न्हाई तर आपणच सांगायचं, हुंदे काय व्हायचं ते. तोंड उघडलं मी.

तेवढ्यात धोंडुबाई वळल्या. "आन विहीणबाई, तुमचंबी लावलंय हं आमी. या की."

माझा जीव भांड्यात पडला. म्हंजी पोरीनं आधीच नाव घेतलं म्हणायचं! बायका बाजूला सरल्या. धोंडुबाई मला घेऊन निघाल्या ते थेट मागं, न्हाणीघरापाशी. दाराच्या मागं खिळ्याला एक चौकट लटकत हुती. त्यात पोपट होता. पोपट म्हंजी, हिरवा होता म्हणून पोपट म्हणायचं.

"सोनमच्या खोलीत गावलं हे. ती म्हणाली, आष्ट्याच्या मावशीनं पाठवलंय. मनापासनं दिलेलं माणसाला टाकवत न्हाई, म्हणून लावलं," धोंडुबाई म्हणाल्या. बायकांनी तोंडाला पदर लावले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. असला पोपट, आन माझा? काढला खिळ्यावरनं आन उलटा केला, सगळ्यांना दाखवायला.

मागं गाठींचं रान माजलेलं. उसवून उसवून कापडाला भोकं पडलेली. दोन ठिकाणी रक्ताचे तपकिरी डाग. पण शेवटच्या दोन ओळी सरळ. आन शेवटचा दोरा गाठ मारून सोडलेला न्हाई, तीन टाक्यांखालनं मागं घेतलेला. ती रीत माझी. माझी कामं उलटी धरून धरून शिकली असंल कुणीतरी, लावलेल्या दाराआड. मी वर बघितलं. सोनमनं दोन्ही हात पदरात लपवलेले.

"काय वो, तुमचंच न्हवं?" धोंडुबाईंनी विचारलं.

मला लय राग आला हुता. अजूनबी हाय.

"व्हय, माझंच," मी म्हटलं. "पैलंच हाय वो. कुणी न शिकवता केलेलं."

धोंडुबाईंनी चौकट हातात घेतली, चष्मा लावला, मागनं बघितलं, त्या शेवटच्या ओळींवरनं बोट फिरवलं.

"कुणी न शिकवता? मंग लय भारी की. पैल्या कामात एवढी चिकाटी आमच्या सोनमचीबी नसंल."

मोराला गप, तोरणाला गप ऱ्हायलेली सोनम न्हाणीघराच्या दाराला टेकून हुंदके देऊन रडाय लागली.

"आगं बया, हिला काय झालं आता?"

"काय न्हाई वो," मी म्हटलं. "मावशीचं कौतुक केलं की तिला असंच भरून येतं."