पहिलं ऑलिव्ह

आरिकाच्या बंदराला पर्यटकांचं जहाज लागलं की पाहुण्यांची बस आमच्या आसापा खोऱ्यात येते. आधी म्युझियममधल्या ममी, मग उघड्या डोंगरावर पूर्वजांनी दगड मांडून काढलेली लामा जनावरांची चित्रं, आणि शेवटी ऑलिव्हची बाग. ती बाग माझ्या धाकट्या बहिणीची, मिर्ताची. माझं फाटक आधी लागतं. बस तिथे साधी हळूसुद्धा होत नाही.

वडिलांनी जमीन दोघींना सारखी वाटून दिली. झाडं माझीच जास्त जोमाची आहेत. पण मिर्ताला गोड बोलता येतं आणि मी तोंडाची फटकळ. तिच्या दारात बस दिसली की माझ्या पोटात दुखतं. दुखतं तर दुखतं, मी लपवत नाही.

परवा हंगामातलं शेवटचं जहाज होतं. गाइड नेल्सोन सकाळी भेटला, म्हणाला, "एदुविनाबाई, पुढच्या वर्षी कुठली बाग, ते आज ठरवतोय."

मग काय, मी न बोलावता मिर्ताकडे गेले. मागच्या पडवीत जाऊन तिचं पिंप उघडलं. नव्या ऑलिव्हचा कडूपणा जावा म्हणून आम्ही त्याला चिरा देतो, पाण्यात घालतो आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत रोज बदलतो. हिच्या पिंपातलं पाणी अजून जांभळं होतं. म्हणजे फळं कडूजहर. जहाज गाठायला बाईसाहेबांनी घाई केली होती. मला एवढा आनंद झाला की मी जाऊन पहिल्या रांगेतली खुर्ची धरली.

बस आली, पाहुणे बसले आणि मिर्ता वाडगा घेऊन आली.

"आमच्यात नव्या फळातलं पहिलं घरच्या थोरल्या माणसानं खायचं असतं," ती पाहुण्यांना म्हणाली आणि वाडगा थेट माझ्यापुढे धरला. "ही माझी ताई. आईच्या हाताची चव हिच्याच हाताला आलीय."

मी एक तोंडात टाकलं. जीभ आवळून आली. थुंकले असते तर बस माझी होती. पण आईचं नाव निघालं होतं, आणि त्या परक्या लोकांपुढे आमच्या घरचं फळ थुंकायला माझं तोंड उघडेना. गिळलं.

"कसं आहे?" नेल्सोनने विचारलं.

"हे आमचं घरचं खाणं, पाहुण्यांना झेपायचं नाही," मी म्हणाले. "थांबा, माझ्याकडची आणते."

माझी बरणी बघता बघता रिकामी झाली. लोकांनी बोटं चाटली आणि टाळ्या वाजवल्या, मिर्ताकडे बघून. नेल्सोनही तिलाच म्हणाला, "पुढच्या वर्षी इथेच येतो."

बस गेल्यावर मी तिला गाठलं. "तुझं पाणी अजून जांभळं आहे."

"माहितीये," वाडगा परत पिंपात ओतत मिर्ता म्हणाली. "सकाळीच चाखून बघितलं."

"मग मला कशाला खायला घातलंस?"

"दुसरं कुणीही थुंकलं असतं, ताई."