प्लावाचा रंग

चादर बाजूला झाली आणि गोय्को मालेशेवने पहिला प्रश्न विचारला तो असा: "जुना रंग कुठे टाकला?"

स्मिल्काला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. वाढदिवसाची एवढी मोठी भेट पाहिल्यावर नवरा काय काय म्हणू शकतो, याची तिने मनात उजळणी केली होती. कशाला एवढा खर्च, हे एक. तुला वेड लागलंय, हे दुसरं. फार तर डोळे पुसायला तो स्वयंपाकघरात जाईल. हा प्रश्न तिच्या हिशेबात कुठेच नव्हता.

"कुठला रंग?" तिने विचारलं.

"आधीचा. तो खरवडून काढला असेल ना? मग त्याचं काय केलं?"

हा प्रश्न तिला नव्हताच. तो दाराशी फळांच्या दारूचा, राकियाचा ग्लास घेऊन उभ्या असलेल्या लाझाकाकांना होता. लाझाकाका पेत्रोवारादिनमध्ये मोटारी रंगवायचे. नवा रंग त्यांनीच दिला होता, आणि मालकाचा चेहरा बघायचा म्हणून मुद्दाम थांबले होते.

"काय करणार?" ते म्हणाले. "रिमूव्हर लावला, रंग फुगला, पुसला, कचऱ्यात गेला. सोन्याचा मुलामा होता की काय?"

गोय्को हसला नाही. तो अॅम्प्लिफायरसमोर गुडघ्यावर बसला. हा तोच गुडघा होता, ज्यासाठी तो कान्यिझाच्या गरम झऱ्यांवर राहून आदल्याच दिवशी परतला होता, आणि जो वाकवायचा नाही अशी डॉक्टरांची ताकीद होती. त्याने वरच्या कवचावर बोट टेकवलं आणि लगेच काढून घेतलं, जसं परक्याच्या वस्तूवरून काढतात.

तो अॅम्प्लिफायर गोय्कोने स्वतः बांधला होता, लग्नाच्या आधी, एकटा राहत असताना. व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्यांचा, दोन माणसांनी उचलावा इतका जड. त्याचा आवाज ऐकायला बेलग्रेडहून लोक यायचे, गप्प बसून तबकड्या ऐकायचे आणि जाताना विकतोस का म्हणून विचारायचे. गोय्को नाही म्हणायचा. त्याचं नाव त्याने प्लावा ठेवलं होतं. असे अॅम्प्लिफायर बांधणाऱ्यांचा एक क्लब होता, तिथल्या इतरांच्या यंत्रांनाही बायकांची नावं असायची, त्यामुळे त्यात कुणाला नवल वाटलं नाही. स्मिल्कानेही फक्त एकदा विचारलं होतं, पहिल्यांदा या घरी आली तेव्हा.

"प्लावा का?"

गोय्कोने तेव्हा उत्तर दिलं नाही. खिडक्यांची लाकडी झापडं ओढून घेतली, यंत्र सुरू केलं आणि म्हणाला, थांब जरा. मागच्या दोन व्हॉल्व्हमध्ये पाऱ्याची वाफ होती. ते आधी तापावे लागतात. मग त्याने दुसरा खटका दाबला आणि अंधारात त्या दोन काचा निळ्या झाल्या, जांभळ्याकडे झुकणाऱ्या निळ्या. तबकडी लागली, आणि मोठ्या सुरासरशी तो निळा हलला. "ही बघ प्लावा," तो म्हणाला. प्लावा म्हणजे निळी.

स्मिल्का पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काम करायची. पाऱ्याची वाफ निळी का दिसते हे तिला त्याच्यापेक्षा बरं ठाऊक होतं. पण उत्तर सांगायच्या ऐवजी खोलीत अंधार करून दाखवणारा माणूस तिला तोवर भेटला नव्हता. लग्नाचं तिने त्याच संध्याकाळी ठरवलं. पुढच्या भेटी सगळ्या उपचारापुरत्या.

एकच गोष्ट तिला खटकायची. आत एवढं देखणं निळं, आणि वरून कवचाला आणि ट्रान्सफॉर्मरवरच्या टोप्यांना हाताने दिलेला फिकट पिवळा रंग, ब्रशचे फराटे दिसणारा. "उरलेला होता, लावून टाकला," गोय्को म्हणायचा. कपाटाचा असेल, असं तिने धरून चाललं.

म्हणून तो झऱ्यांवर गेला तेव्हा तिने बेत केला. दुपारी झापडं लावून घेतली, यंत्र सुरू केलं, आणि रंगांच्या पट्ट्या त्या व्हॉल्व्हशेजारी एकेक धरून बघितल्या. उजेड आणि रंग एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत हे तिला कळत होतं, तरी तिने जवळात जवळचा निळा शोधला. कवच आणि टोप्या स्वतः स्क्रू काढून उतरवल्या आणि गाडीत घालून लाझाकाकांकडे नेल्या.

"इनॅमल हवा. भट्टीत भाजलेला," ती म्हणाली. "आणि अर्थिंगचा स्क्रू बसतो ती जागा पट्टीने झाका. तिथे रंग गेला तर पत्र्याला अर्थिंग मिळणार नाही, आणि हात लावणारा जिवाला मुकेल."

"वहिनी, मी चाळीस वर्षं रंगच देतोय."

"मोटारींना. मोटारीला हात लावून कुणी मरत नाही."

"तुमच्या नवऱ्याला गाडी चालवताना पाहिलंय मी. म्हणून सांगतो, मरतात." त्यांनी कवच उलटं करून पाहिलं. "रंग कुठला?"

"प्लावा. तिचं नावच प्लावा आहे."

लाझाकाकांनी मान तिरकी केली. "माझ्या वयाच्या माणसाला नुसतं प्लावा म्हणू नका. आधी सोनेरी केसांची बाई डोळ्यासमोर येते, निळं आकाश मग. दोन्हीला शब्द एकच."

"आमच्याकडे केसांचा विषयच नको," स्मिल्का आपल्या कोळशासारख्या वेणीला हात लावत म्हणाली. "ही घ्या पट्टी. आकाशातला प्लावा."

त्यांनी काम सुरेख केलं. एकावर एक पातळ थर, मध्ये पाण्याखाली घासकाम, मग भट्टी. टोप्यांच्या कडांवर एक ओघळ नव्हता. स्मिल्काने सगळं परत जोडलं, मीटर लावून अर्थिंग तपासलं आणि खसखशीचा श्ट्रूडल भाजला.

आता तो श्ट्रूडल टेबलावर कापल्याशिवाय पडला होता आणि गोय्को जमिनीवरून उठत नव्हता.

"पण निळा का?" त्याने विचारलं.

"का म्हणजे? ती प्लावा आहे म्हणून."

"अगं, पण प्लावा म्हणजे..." आणि त्याने तोंड मिटलं.

इतकं पटकन मिटलं, की उरलेलं वाक्य खोलीत सगळ्यांना ऐकू आलं. लाझाकाकांना स्मिल्काच्या आधी. त्यांनी ग्लास खिडकीत ठेवला. "मी गाडीत बसतो."

"थांबा काका," स्मिल्का म्हणाली.

प्रयोगशाळेत एखादा आकडा भलताच आला, तर ती आधी पाण्याला दोष देत नसे. आधी यंत्र तपासायचं, मग बाटली, मग स्वतःची नोंद. तिने तसंच सुरू केलं. आवाजही कामावर असतो तसाच निघाला.

"तो पिवळा उरलेला रंग नव्हता?"

"नव्हता."

"तू मिसळला होतास."

"हो."

"कशाशी जुळवून?"

गोय्को टोपीवरची नसलेली धूळ पुसू लागला.

"आणि ते व्हॉल्व्हचं?" तिने विचारलं.

"ते खोटं नाही. ते निळेच पेटतात."

"निळे पेटतात हे मला शिकवू नकोस. नाव त्यावरून ठेवलंस का, एवढंच विचारतेय."

"नाही. तू दारातून आलीस आणि पहिलं तेच विचारलंस. आणि तुझे केस..."

"काळे. बोल पुढे."

"मला त्या क्षणी सुचलं. झापडं ओढता ओढता." तो पहिल्यांदाच तिच्याकडे वळला. "स्मिल्का, ते लग्नाआधीचं आहे. ती केव्हाच निघून गेली होती. तुझ्यानंतर तिचं तोंडसुद्धा पाहिलं नाही मी."

स्मिल्काने त्यावर विश्वास ठेवला. हेच तिला विचित्र वाटलं. ती बाई कोण, कुठली, याने तिच्यात काही हललं नाही. तो अंधार मात्र हलला. झापडं लागत होती तेव्हा तिला वाटलं होतं, हा माणूस आपल्याला काहीतरी दाखवतोय. तो लपवत होता. तीच झापडं, तोच हात.

लाझाकाकांना गप्प उभं राहणं जमलं नाही. "यात एवढं काय आहे," ते म्हणाले. "पत्रा शाबूत आहे. रंग काय, आज आहे उद्या नाही. वहिनी म्हणत असतील तर निळा राहू दे, नाहीतर मी परत पिवळा देतो. भट्टी माझीच आहे."

"राहू दे," गोय्को घाईने म्हणाला. "निळा छान आहे. खरंच छान आहे."

"छान आहे, तर मग पहिला प्रश्न कचऱ्याचा का विचारलास?"

गोय्कोने चादर ओढून तिची घडी घालायला घेतली.

"काका, घेऊन जा," ती म्हणाली. "कवच मी उतरवून देते. पिवळा द्या."

"स्मिल्का, नको."

"का नको? माझी चूक झाली. दुसऱ्याची वस्तू न विचारता रंगवली. ज्याची होती त्याला होती तशी परत मिळायला हवी."

लाझाकाकांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. माणसांचं भांडण त्यांना पेलत नव्हतं, रंगाचं पेलत होतं. म्हणून त्यांनी रंगाला हात घातला. "पण नमुना लागेल. जुना तर मी पुसून टाकला. नुसतं पिवळा म्हणून चालत नाही. लोण्याचा पिवळा आहे, मधाचा आहे, वाळल्या गवताचा आहे. मी कुठला मिसळू?"

"मला विचारू नका," स्मिल्का म्हणाली. "नमुना यांच्याकडे आहे."

गोय्को जमिनीकडे बघत होता. पडदे घ्यायला दुकानात गेला, तर घरातल्या भिंतीचा रंग त्याला आठवत नसे. तिथून फोन करून विचारायचा. स्मिल्का त्याला कितीदा तरी हसली होती. तिने वाट पाहिली. नाही आठवत, एवढं तो म्हणाला असता, तर तिने श्ट्रूडल कापायला घेतला असता.

"मक्याचं कोवळं कणीस," गोय्को म्हणाला. "सोललं की आत जे केस असतात ना, ते. टोकाला बाहेर आलेले नाहीत, ते उन्हाने तांबूस होतात. आतले. त्यात हिरव्याचा अगदी थेंबभर अंश असतो, तो विसरलात तर रंग मेल्यासारखा दिसतो." त्याने श्वास घेतला. "आणि चकाकी पूर्ण नको."

"अर्धी," लाझाकाका सवयीने म्हणाले.

"अर्ध्याहून कमी."

स्मिल्काने खुर्ची ओढली आणि बसली. इतकं सविस्तर तिने विचारलं नव्हतं.