पॉलिशवालीचा श्वास

मी एक जुना स्पायरोमीटर आहे. नाव अवघड असले तरी काम सोपे आहे. मित्रांनो, माझ्या नळीत कोणी जोराने फुंकले, की त्याच्या छातीत किती हवा मावते आणि ती किती वेगाने बाहेर येते, ते मी कागदावर उतरवतो. कारखान्यातून मी थेट या दवाखान्यात आलो. सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. पुढे नवे यंत्र आले आणि मी कपाटात जाऊन पडलो.

एके दिवशी ते नवे यंत्र बिघडले, म्हणून मला बाहेर काढले. समोर लाकडी सामानावर फवाऱ्याने पॉलिश मारणारी एक बाई बसली होती. वय जेमतेम छत्तीस. सोबत तिची आई होती.

“दोन जिने चढले की धाप लागते. वजन वाढलंय, दुसरं काय!” ती हसत म्हणाली.

तिने तीनदा फुंकले. तिन्ही वेळा माझी रेघ आखूडच आली, म्हणजे हवा कमीच पडली.

“बिडी-सिगारेट?” डॉक्टरांनी विचारले.

“छे हो!”

“लहानपणी छातीचं काही दुखणं?”

तिने आईकडे पाहिले. आई चाचरत म्हणाली, “दीड वर्षाची असताना न्यूमोनिया झाला होता. तिसऱ्या वर्षी परत. पण ते तर कधीच बरं झालं!”

डॉक्टरांनी समजावून सांगितले. लहान वयात फुप्फुसे वाढत असतात. तेव्हा असे मोठे दुखणे आले, तर कधी कधी ती पुरती वाढत नाहीत. तरुणपणी ते कळत नाही. वय वाढले, त्यात पॉलिशच्या फवाऱ्याची भर पडली, की मग जाणवू लागते.

आईचा चेहरा उतरला. “माझंच काही चुकलं का गं?”

“काहीतरीच काय! त्यातून तूच तर मला वाचवलंस,” लेक म्हणाली.

मालकाशी भांडून तिने फवाऱ्याचे काम सोडले आणि वेताच्या खुर्च्या विणायचे काम मागून घेतले. वर्षाने ती आईला घेऊन पुन्हा आली.

“मागचंच यंत्र द्या. त्याला माझी सवय आहे,” ती म्हणाली. मला केवढा आनंद झाला!

“आकडा वाढला?” तिने विचारले.

“नाही. पण घसरलाही नाही. हे काही थोडं नाही,” डॉक्टर म्हणाले. तेव्हा कुठे आईने रोखलेला श्वास सोडला.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ कोणी पुसली नाही तरी चालेल. पण लहानपणी तुमच्या छातीला काय झाले होते, ते आजच घरी विचारून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. ते माझ्या कागदावर उमटत नाही. ते फक्त घरच्यांनाच ठाऊक असते.